पोत्याखालचं इंजिन

आमच्या कळमन्याच्या घरी बैलांचा कोठा अजून आहे, बैल नाहीत. शेवटची जोडी विकली त्या वर्षापासून कोठ्यात जीप उभी राहते. आरसी बुकात तिचं वर्ष १९६४ लिहिलेलं आहे. घरात तिला कोणी जीप म्हणत नाही, 'गाडी' म्हणतात. मधल्या काळात दोन मोटारसायकली आल्या, मुलाची कार आली, पण 'गाडी काढ' म्हटलं की ती हीच.

मागच्या वर्षी जानेवारीत कामठीहून परत येताना गाडीच्या पोटात एकदम हातोडा पडल्यासारखा आवाज झाला आणि ती बंद पडली. ट्रॅक्टरला दोर बांधून घरी आणली. मिस्त्रीनं खालचं ऑइल चेंबर उघडलं, टॉर्च मारला आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "भाऊ, क्रँक गेली. दोन तुकडे. ब्लॉकलेही मार बसला आहे. आता यात पैसा टाकाल तं पाण्यात. दुसरं इंजिन पाहा."

दुसरं इंजिन पाहा, इतकं सोपं होतं ते त्याच्यासाठी. आमच्या घरात या गोष्टीला चार महिने लागले. कारण या गाडीचं इंजिन एकदा आधीच बदललेलं होतं, आणि तेव्हा आबाजी आणि बाबा, म्हणजे माझे आजोबा आणि वडील, पंधरा दिवस एकमेकांशी बोलले नव्हते. आबाजींचं जुनं इंजिन त्याच कोठ्यात, कोपऱ्यात, तीन पोत्यांखाली झाकून ठेवलेलं होतं. म्हणून आता दुसरं इंजिन पाहायचं म्हणजे कोणाचं ऐकायचं, हा प्रश्न होता.

आधी जीप आमच्याकडे आली कशी, ते सांगतो. आबाजींनी पहिली जीप पाहिली ती कामठीच्या छावणीत, लढाईच्या दिवसांत. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त लष्करी जीपा बनवल्या. लढाई संपल्यावर उरलेल्या गाड्या 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या आणि ठेकेदार, जंगलवाले, मोठे शेतकरी यांच्या हाती पडल्या. तोपर्यंत आमच्या भागात चिखलाच्या वाटेनं जाणारं वाहन म्हणजे बंडी आणि रेंगी. काळ्या मातीत पावसाळ्यात मोटार अडकायची, बैल जोडून काढावी लागायची. चारही चाकं फिरवणारी गाडी आबाजींना बैलासारखी वाटली. ते म्हणायचे, "मोटार शहराची, जीप आपली."

याच सुमारास आपल्याकडेही या गाडीचं काम सुरू झालं. १९४५ मध्ये महिंद्रा बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्रा अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीचं नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झालं. १९४९ मध्ये मुंबईत माझगावला विलीजचे सुटे भाग जोडून जीपा तयार होऊ लागल्या. हळूहळू भागही इथेच बनू लागले. आमची गाडी त्यातलीच. १९६८ मध्ये आबाजींनी ती एका ठेकेदाराकडून जुनी घेतली. दोन एकर गव्हाचं शेत आणि आजीच्या पाटल्या त्यात गेल्या. आजीनं पाटल्यांची गोष्ट मरेपर्यंत काढली, पण गाडीतून सिताबर्डीला जायचं म्हटलं की सगळ्यात आधी तीच तयार व्हायची.

त्या गाडीचं बोनेट उंच होतं. लढाईतल्या जीपेचं बोनेट बसकं होतं. पोरपणी मला वाटायचं ते रुबाबासाठी असेल. कारण वेगळं होतं. लढाईतल्या इंजिनात चारही सिलिंडरचे सगळे व्हॉल्व्ह बाजूला, ब्लॉकमध्ये बसवलेले असत. त्याची ताकद साठ अश्वशक्ती. पुढे १९५३ च्या मॉडेलमध्ये विलीजनं हवा आत घेणारे व्हॉल्व्ह वर, हेडमध्ये नेले. धूर सोडणारे खालीच ठेवले. इंजिन जास्त श्वास घेऊ लागलं, ताकद सुमारे पंचाहत्तरवर गेली, पण उंची वाढली. ते झाकायला बोनेट उंच करावं लागलं. 'हरिकेन' म्हणतात ते हेच इंजिन. म्हणजे गाडीचा चेहराच इंजिनावरून ठरला होता.

त्याचा दुसरा गुण शेतकऱ्याला कळणारा होता. सिलिंडरची रुंदी सव्वातीन इंचांहून कमी, आणि पिस्टनची ये-जा मात्र साडेचार इंचांच्या जवळपास. अशा लांब दमाच्या इंजिनाला पळण्याची घाई नसते. कमी फेऱ्यांतही ते ओढत राहतं. बांधावरून भाजीच्या टोपल्या भरून पहिल्या गिअरमध्ये गाडी निघायची, तेव्हा आबाजी ॲक्सिलेटरवरचा पाय जवळजवळ काढून घ्यायचे. "पाय, कशी चालते," म्हणायचे, "बैल ओढते तशी."

कळमना तेव्हा गाव होतं. पहाटे वांगी, टमाटर, मेथी भरून गाडी कॉटन मार्केटला जायची. नाव कापसाचं, विकली जायची भाजी. धान्य असलं की इतवारीला. येताना पेंड, खत, कधी पाहुणे. रात्री कोणाची बाई अडली तर मेयो दवाखान्यात गाडीच जायची. त्याचा पैसा आबाजींनी घेतला नाही.

मग १९७३ आलं. अरब-इस्रायल युद्ध झालं आणि काही महिन्यांत जगात कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली आणि पुन्हा तेच. आमच्या गावाचा इराणशी काय संबंध? पण गाडी लिटरला सात-आठ किलोमीटर जायची. सरकारनं डिझेल स्वस्त ठेवलं होतं, कारण त्यावर ट्रक, ट्रॅक्टर आणि पंप चालायचे. पेट्रोल श्रीमंतांचं समजून त्यावर कर लादला होता. जीप शेतात राबायची, पण पंपावर तिची गिनती मोटारवाल्यांत व्हायची.

त्या काळी विदर्भातल्या कितीतरी जुन्या गाड्यांची पोटं बदलली. कोणी ॲम्बेसेडरमध्ये मॅटॅडोरचं डिझेल इंजिन टाकलं, कोणी जीपेतही तेच बसवलं. महिंद्रानं १९७९ मध्ये फ्रान्सच्या प्यूजो कंपनीशी करार केला आणि त्यांचं छोटं डिझेल इंजिन इगतपुरीच्या कारखान्यात बनू लागलं. २११२ सीसी, ताकद साठच्या आसपास. पुढे ज्या जीपा गावोगावी दिसू लागल्या, त्यांत हे इंजिन असायचं.

बाबांचा तोवर मिरचीचा धंदा सुरू झाला होता. हंगामात उमरेडच्या पुढे भिवापूरपर्यंत जायचं, मिरचीचे कट्टे भरून आणायचे. बाबा हिशेबी माणूस. खिशात छोटी डायरी, तिच्यात किलोमीटर, लिटर, रुपये. १९८६ मध्ये त्यांनी अपघातात चेपलेल्या एका नव्या जीपेचं प्यूजो इंजिन विकत घेतलं आणि बंडीत घालून घरी आणलं.

आबाजी ओसरीवर बसले होते. म्हणाले, "इंजिन म्हणजे गाडीचा जीव आहे. जीव बदलला तं उरलं काय? पत्रा."

बाबा म्हणाले, "बाबा, तुमचं खरं आहे. पण पेट्रोलचा खर्च पाहा. मिरचीचा पैसा येते आन पंपावर जाते. असंच चाललं तं गाडीच विकावी लागन."

"मंग विक."

"विकत नाही. म्हणून तं इंजिन बदलून राहिलो."

त्यानंतरचे पंधरा दिवस मला आठवतात. जेवणाची ताटं वेगळ्या वेळी पडायची. कोठ्यात चेनकप्पी टांगलेली. प्यूजोची बेल हाउसिंग जीपेच्या गिअरबॉक्सला जुळेना, म्हणून टर्नरकडून जाड लोखंडी अडॅप्टर प्लेट बनवून घेतली. इंजिनाचे पाये नव्या जागी वेल्ड केले. ड्रायव्हरच्या सीटखालची टाकी धुऊन तिला परतीची नळी जोडली, कारण डिझेल इंजिन नको असलेलं डिझेल टाकीत परत पाठवतं. वजन वाढल्यामुळे पुढचे पाटे दबले, तिथे एकेक पान वाढवलं. आरटीओत जाऊन नोंद केली. १९३९ च्या जुन्या मोटार कायद्यातही असा बदल कळवावा लागायचा. आरसी बुकात लाल शाईनं 'पेट्रोल' खोडून 'डिझेल' लिहिलं गेलं, इंजिन नंबर बदलला.

जुनं इंजिन भंगारवाला मागत होता. आबाजींनी देऊ दिलं नाही. त्यांनी स्वतः स्पार्क प्लगच्या भोकांतून ऑइल सोडलं, भोकं लाकडी खुंट्यांनी बंद केली, सगळीकडे ग्रीस फासलं आणि पोती टाकली. दर पोळ्याला बैलांची शिंगं रंगवून झाली की ते पोती उचलायचे, हँडल लावून इंजिन दोन फेरे फिरवायचे आणि परत झाकायचे. गाडीत ते नंतरही बसले, पण पुढच्या सीटवर कधी नाही. मागे, कट्ट्यांवर. बाबांना ते लागायचं. बोलले मात्र कधी नाहीत.

डिझेलनं आपलं काम केलं, हे सांगितलंच पाहिजे. थंडीत सकाळी किल्ली अर्धी फिरवायची, हीटर तापेपर्यंत पंधरा आकडे मोजायचे, मग खडखडाट. बोलणं ऐकू यायचं नाही. पण लिटरला बारा-तेरा किलोमीटर. दोन्ही बहिणींची लग्नं, माझं कॉलेज, घराचा स्लॅब, सगळं त्या खडखडाटातून निघालं. आबाजींच्या इंजिनाचं कौतुक करताना आमच्या घरात हे कोणी विसरत नाही.

पण ज्या कामासाठी डिझेल बसवलं, ते काम हळूहळू संपलं. बाजार समितीचा मोठा बाजार कळमन्यातच आला. धान्य, फळं, मिरची, भाजी. ज्या बाजाराला आम्ही पहाटे गाडी हाकत जायचो, तो आमच्या दारात येऊन बसला. भिवापूरची मिरची ट्रकनं थेट येऊ लागली. मधला जीपवाला कोणाला पाहिजे? भोवतीच्या शेतांचे लेआउट पडले. आमचंही गेलं. आता आम्ही नागपूर पूर्व, एमएच ४९. पत्त्यात कळमना तेवढं राहिलं.

अशा वेळी क्रँक तुटली. घरात तीन मतं पडली.

मिस्त्रीचं मत : महिंद्राचं पुढचं डीआय इंजिन टाका, २५२३ सीसीचं. भंगारात चांगलं मिळते, सामान कोणत्याही दुकानात मिळते, पुन्हा पाहायचं काम नाही. मत चुकीचं नव्हतं. जी गाडी रोज राबवायची, तिच्यात हेच टाकावं.

मुलाचं मत : आबाजींचं पेट्रोल इंजिन परत बसवू आणि व्हिंटेजची नोंदणी करू. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी नवे नियम आणले. गाडी मूळ रूपात पाहिजे, चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरबदल नको. नव्या नोंदणीचे वीस हजार, नंबरात 'व्हीए' ही अक्षरं. डिझेल ठेवलं तर अर्जच करता येत नाही.

आईचं मत : हेच इंजिन दुरुस्त करा. "तुझ्या बापानं बसवलं. तू काढशील?"

मी कोणालाच उत्तर दिलं नाही. दुसरी क्रँक शोधत फिरलो. एक मिळाली, पण मिस्त्रीचं खरं होतं, ब्लॉकमध्ये मेन बेअरिंगची जागाच फाटली होती. आईला सांगायची हिंमत होईना. शेवटी एका दुपारी बाबांच्या डायऱ्यांचा डबा काढला. १९८६ च्या डायरीत एका पानावर दोन रकाने होते. एका बाजूला पेट्रोल, एका बाजूला डिझेल. महिन्याचे किलोमीटर, खर्च, आणि इंजिनाची किंमत किती महिन्यांत वसूल होईल. खाली एकच ओळ : 'गाडी चालली तर परवडते.'

मी त्याच पद्धतीनं आजचा हिशेब मांडला. मागच्या वर्षभरात गाडी चारशे किलोमीटरसुद्धा चालली नव्हती. सरकारनं पेट्रोलचे भाव २०१० मध्ये आणि डिझेलचे २०१४ मध्ये मोकळे केले, त्यामुळे दोघांतलं ते जुनं अंतरही राहिलं नाही. डीआय इंजिन घेतलं तर त्याचे पैसे माझ्या हयातीत वसूल व्हायचे नाहीत. पोत्याखालचं इंजिन घरचंच होतं. फक्त काम करून घ्यायचं होतं.

डायरी आईला वाचून दाखवली. ती चष्मा काढून बराच वेळ बसली. मग म्हणाली, "त्याले गाडीपेक्षा हिशेब प्यारा होता. हिशेब काय म्हणते ते कर."

तेव्हा मला समजलं की बाबांचं इंजिन काढलं म्हणजे बाबांचा शब्द मोडला असं होत नाही. ते असते तर त्यांनीच काढलं असतं. आबाजी इंजिनाला जीव म्हणायचे, बाबा कामाचं साधन म्हणायचे, आणि चाळीस वर्षांनी दोघांची उत्तरं एकाच पोत्यापाशी आली होती.

पोती उचलली. ग्रीस वाळून खपली झालेलं, पण आत गंज नव्हता. मिस्त्रीनं सिलिंडरमध्ये रॉकेल आणि ऑइल सोडून आठ दिवस ठेवलं. नवव्या दिवशी दांडा लावून जोर दिला आणि क्रँक फिरली. तो म्हणाला, "म्हातारा कामाचा होता बरं." चारही सिलिंडर बोअर करून मोठे पिस्टन टाकले. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या सीटांना सांभाळायचं. २००० सालापासून देशात शिशाचं पेट्रोल बंद झालं, म्हणून एक्झॉस्टच्या सीटा कडक धातूच्या नव्या बसवल्या. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल. जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. म्हणून पंपाचा पडदा आणि सगळ्या नळ्या बदलल्या. अडॅप्टर प्लेट काढली. गिअरबॉक्स आणि इंजिन, चाळीस वर्षांनी, कोणत्याही प्लेटीशिवाय एकमेकांना जुळले.

आरटीओत इन्स्पेक्टरनं नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली. उमटलेला आकडा जुन्या पुस्तकातल्या पहिल्या, लाल शाईनं खोडलेल्या आकड्याशी ताडून पाहिला. मान वर करून म्हणाले, "हेच होतं का पहिले?" मी म्हटलं, "हो साहेब. हेच."

व्हिंटेजचा अर्ज मात्र मी केला नाही. मुलगा नाराज झाला. त्या नियमाप्रमाणे गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला किंवा पेट्रोल भरायला काढता येते, रोजच्या कामाला नाही. मी त्याला म्हटलं, "वर्षातून चार वेळा का होईना, मले भाजी आणायले जायचं आहे. आबाजीनं गाडी मिरवायले नव्हती घेतली." त्याला पूर्ण पटलं असं नाही. माझ्यानंतर गाडी त्याची आहे, तेव्हा त्यानं ठरवावं.

पोळ्याच्या दिवशी पहिल्यांदा गाडी बाहेर काढली. आई पुढच्या सीटवर बसली. बाजाराच्या फाटकापर्यंत गेलो आणि आलो, दीड-दोन किलोमीटर. आई मध्येच म्हणाली, "बंद पडली का रे?" बंद पडली नव्हती. आवाज नव्हता, म्हणून तिला तसं वाटलं.

प्यूजोचा तुटका ब्लॉक कोठ्यात पडून होता. दसऱ्याच्या आधी भंगारवाला काटा घेऊन आला. किलोवर भाव ठरला, दोन माणसं उचलायला वाकली, तेवढ्यात आई ओसरीवरून म्हणाली, "राहू दे. मामाजीनं त्याहीचं ठेवलं, म्हणून आज बसवता आलं."

मी म्हटलं, "आई, हे फाटलं आहे. हे काही परत बसत नाही."

"माहीत आहे मले," ती म्हणाली, आणि पोती आणायला आत गेली.